आयर्लंडहून १८३३ मध्ये सिडनीला धाडलेला जावयाचा पूर्वज: एकाच जहाजावर एकाच नावाचे दोघे, आपला कोणता?

नौपाड्याची आजी (ठाणे)

नमस्कार मंडळी. माझी मुलगी गेली अकरा वर्षे सिडनीजवळ राहते. जावई तिथलाच, आयरिश वंशाचा आहे. नातीला शाळेत घराण्याची वंशावळ काढून आणायला सांगितली आहे. आईकडची बाजू मी एका संध्याकाळी लिहून दिली, कारण आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत आजेसासऱ्यांची मोडीतली सही मी स्वतः पाहिलेली आहे. वडिलांकडची बाजू मात्र पाच पिढ्या मागे जाऊन एका माणसापाशी अडली आहे.

व्याह्यांच्या घरात पूर्वी असे सांगत की तो स्वखुशीने, शेतीसाठी आला. विहीणबाईंच्या सासूने म्हातारपणी कबूल केले की तो कैदी होता, काळ्या पाण्याची शिक्षा होऊन आला होता. कॉर्कचा होता आणि मेंढी चोरल्याबद्दल त्याला धाडले होते. विहीणबाईंकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्याचा १८७१ सालचा मृत्यूचा दाखला आहे. त्यात वय ६१, जन्मस्थान कॉर्क, वसाहतीत आल्यास ३८ वर्षे, बापाचे नाव व धंदा शेती, आईचे माहेरचे आडनाव, बायको आणि सात मुले अशी माहिती आहे. खबर देणारा थोरला मुलगा आहे. १८७१ मधून ३८ वजा केले की १८३३ येते, म्हणून त्या वर्षी सिडनीला लागलेल्या जहाजांच्या कैद्यांच्या याद्या मी पाहू लागले. त्या याद्यांना तिकडे इंडेंट म्हणतात.

आडनाव इथे मुद्दाम देत नाही. पण ते मर्फी, केली, सलिव्हन यांच्या पंक्तीतले आहे आणि पहिले नाव जॉन, एवढे सांगितले तरी अडचण लक्षात येईल. एका जहाजावर या नावाचे दोघे सापडले. पहिला ४० वर्षांचा, कॉर्कलाच खटला चाललेला, मेंढीचोरी, ७ वर्षे. दुसरा २३ वर्षांचा, जन्म कॉर्कचा पण खटला लिमरिकला, गुन्ह्याच्या रकान्यात ‘व्हाइटबॉइझम’, शिक्षा जन्मठेप. कॉर्क आणि मेंढी या दोन्ही खुणा जुळत असल्यामुळे मी पहिल्याला धरले आणि तीन महिने त्याचेच कागद गोळा केले. १८३३ मध्ये ४० वर्षांचा असलेला माणूस १८७१ मध्ये ६१ वर्षांचा कसा, हा प्रश्न जावयाने विचारला तेव्हा मी त्याला सांगितले की आमच्याकडे अर्ध्या पिढीचा वाढदिवस मास्तरांच्या कृपेने १ जूनला येतो, तेव्हा वयाचे फार मनावर घेऊ नये. आता मात्र मलाच शंका येते आहे. या दोघांतला आपला कोणता हे कागदावरून ठरवण्याचा काही मार्ग आहे का?

मोजणीदार (कळवा)

आजी, नमस्कार. मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालो आहे. माझ्या आत्याची सून टास्मानियातली, तिच्या आग्रहावरून दोन वर्षांपूर्वी मी हाच उद्योग केला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम एक गोष्ट पक्की करा. सातबाऱ्यावर जसे खातेदाराच्या नावापेक्षा गट नंबराला महत्त्व असते, कारण एका गावात एका नावाचे चार पाटील निघतात, तसे त्या वसाहतीत कैद्याच्या नावापेक्षा जहाजाला महत्त्व होते. माणूस वीस वर्षांनी कुठेही गेला, परवाना घ्यायला आला किंवा पुन्हा पकडला गेला, तरी कारकून त्याच्या नावापुढे ‘अमुक जहाजाने, अमुक साली’ असे लिहीत असे. म्हणून जहाज सापडले की निम्मे काम झाले असे मानतात. तुमच्या बाबतीत नेमका गट नंबरच सामाईक निघाला आहे, त्यामुळे आता पोटहिस्सा पाडावा लागेल, आणि तो शिक्षेच्या मुदतीवरून पडतो.

इंडेंट म्हणजे मूळ खाते आणि त्यानंतरचा प्रत्येक कागद म्हणजे फेरफार समजा. चांगले वागल्यास मुदत संपण्याआधी ‘तिकीट ऑफ लीव्ह’ मिळे. तो कैदेतून सुटका देणारा दाखला नव्हे. ठरलेल्या जिल्ह्यात राहून स्वतःसाठी कामधंदा करण्याची मुभा त्यात असे, आणि हजेरी चुकली तर ते काढून घेत. सर्वसाधारण नियम असा होता की ७ वर्षांच्या कैद्याला ४ वर्षांनी, १४ वर्षांच्याला ६ वर्षांनी आणि जन्मठेपेच्या कैद्याला ८ वर्षांनी ते मागता येई. ७ किंवा १४ वर्षांची मुदत पुरी झाली की मुक्ततेचा दाखला मिळे. जन्मठेपेला मुदतच नसल्यामुळे तो दाखला त्यांना मिळत नसे. त्यांच्या वाट्याला बहुधा सशर्त माफी येई, आणि तिची अट अशी की वसाहतीत मोकळे राहा, पण मायदेशी परतू नका.

आता तुमचा प्रश्न. मुदत खटल्याच्या दिवसापासून मोजत. पहिल्याचा खटला १८३२ चा असेल तर तो १८३९ मध्ये मोकळा झाला. दुसरा त्या वेळी कैदीच होता. त्याला लग्न करायचे असेल तर गव्हर्नरची परवानगी लागणार, आणि त्या अर्जांच्या नोंदवह्या शाबूत आहेत. त्यांत दोघांची नावे, वये, जहाजे आणि प्रत्येकाची स्थिती लिहिलेली असते. थोरल्या मुलाचा जन्म कधीचा आहे ते पाहा आणि त्याच्या मागची तीन-चार वर्षे चाळा. १८३९ नंतर आपल्या माणसाने परवानगी मागितलेली दिसली तर तो ७ वर्षांवाला नव्हे, कारण वधूही कैदी नसेल तर मोकळ्या माणसाला परवानगी मागायचे कारणच नव्हते.

आणखी एक. इंडेंट पुन्हा काढा आणि शेवटपर्यंत वाचा. १८३० च्या सुमाराच्या इंडेंटमध्ये उंची, वर्ण, केस, डोळे, व्रण, गोंदण, लिहिता-वाचता येते का, लग्न झाले आहे का, मुले किती, एवढे सगळे असते. आपल्या खात्यात माणसाचे एवढे वर्णन मी कधी पाहिले नाही. सूची न्यू साउथ वेल्सच्या राज्य अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. आडनावातला ‘ओ’ कधी आहे, कधी नाही. कैदी आयरिश बोलणारा आणि कारकून इंग्रज असला तर कानाला लागेल तसे लिहिलेले असते. तेव्हा एकाच स्पेलिंगवर बसून राहू नका.

ऐरोलीचा जनुकवाला

एवढ्या कागदांपेक्षा जावयाने डीएनए चाचणी करून घेतली तर प्रश्न चुटकीसरशी सुटणार नाही का?

शिरवण्याचे मास्तर (नेरुळ)

नाही सुटणार. चाचणीतून दूरचे भाऊबंद सापडतील आणि ते उपयोगाचेही ठरतील. पण दोन्ही माणसे कॉर्कची आणि एकाच आडनावाची आहेत, कदाचित एकाच भावकीतली. आजींना घराणे नको आहे, माणूस हवा आहे. माणूस कागदावरूनच ठरेल.

आजी, मी इतिहास शिकवत असे, म्हणून ‘व्हाइटबॉइझम’ या शब्दाबद्दल लिहितो. १७६० च्या दशकात आयर्लंडच्या दक्षिणेकडील मन्स्टर प्रांतात कुळे रात्री अंगावर पांढरे सदरे चढवून टोळीने निघत, गायरानाला घातलेली कुंपणे पाडत, खंड वाढवणाऱ्याला किंवा दुसऱ्याची जमीन बळकावणाऱ्याला धमकावत. यावरून ते नाव पडले आणि त्यांच्याविरुद्ध कडक कायदे झाले. पुढे टोळ्यांची नावे बदलली तरी कायद्याचे नाव राहिले. १८३० नंतर त्यात दशांश कराची भर पडली: कॅथलिक कुळांनी प्रोटेस्टंट चर्चच्या पोषणासाठी कर द्यायचा, असा तो अन्याय होता, आणि त्यावरून अनेक वर्षे झगडा चालला. तेव्हा १८३२ मध्ये लिमरिकला या कलमाखाली जन्मठेप झालेला २३ वर्षांचा तरुण बहुधा रात्री कोणाच्या तरी दारावर बंदुका मागायला गेलेल्या टोळीतला असावा. खटल्याचे ठिकाण आणि जन्माचे ठिकाण वेगळे असणे यात नवल नाही; कामासाठी माणसे शेजारच्या कौंटीत जातच होती.

आयर्लंडकडच्या कागदांविषयी आधीच सावध करतो. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या सुरुवातीला, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतला सार्वजनिक अभिलेख कक्ष जळाला. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक सगळे कागद त्यात गेले. १८६१ आणि १८७१ च्या सरकारनेच नष्ट केल्या होत्या आणि १८८१ व १८९१ च्या पहिल्या महायुद्धात लगद्यासाठी गेल्या. म्हणजे शाबूत जनगणना थेट १९०१ ची. कैद्यांच्या हद्दपारीच्या नोंदवह्या १८३६ पासूनच्या वाचल्या, कारण त्या डब्लिन किल्ल्यात होत्या, त्याआधीच्या गेल्या. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या द्विशताब्दीनिमित्त आयर्लंडने या उरलेल्या कागदांच्या मायक्रोफिल्मा भेट दिल्या आणि त्यांची सूची आता कोणालाही पाहता येते. तुमचा माणूस १८३२ चा, म्हणजे चार वर्षांनी हुकला. पण निराश होऊ नका. १७८८ ते १८३६ या काळातले कैद्यांचे दयेचे अर्ज वाचले आहेत. बहुतेक कैद्यांनी अर्ज केलाच नाही. पण केला असेल तर त्यात बायको, म्हातारी आई, जमीनदाराची किंवा धर्मगुरूची शिफारस असे बरेच काही सापडते. अर्ज नसेल तर त्या वर्षीच्या लिमरिकच्या वर्तमानपत्रांतले न्यायालयाचे वृत्तान्त पाहावेत. मोठे खटले वर्षातून दोनदा, वसंतात आणि उन्हाळ्यात चालत, त्यामुळे चाळायचे अंक मोजकेच असतात.

थोडे विषयांतर करतो. खटल्याचे ठिकाण म्हणून आयर्लंडच असेल असे कोणी गृहीत धरू नये. लिव्हरपूलला पोट भरायला गेलेले पुष्कळ आयरिश लँकेशरच्या न्यायालयातून गेले आणि त्यांची गणना इंग्लंडच्या जहाजांवर झाली. आणि खुद्द मुंबई इलाख्यातूनही काही गेले. कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपायांचा भरणा मोठा होता. पळून जाणे, वरिष्ठावर हात उचलणे अशा गुन्ह्यांसाठी लष्करी न्यायालयाने शिक्षा दिलेले शिपाई भारतातूनच न्यू साउथ वेल्सला रवाना होत. आपल्या ठाण्याच्या किल्ल्यात पेशव्यांचे कारभारी असलेल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर गोऱ्या शिपायांचा पहारा होता आणि बाहेर मराठीत गाणाऱ्या मोतद्दाराच्या ओळींतला सुटकेचा निरोप पहारेकऱ्यांना कळला नाही, ही १८१६ ची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या पहाऱ्यावर कॉर्कचा कोणी नव्हता असे मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही. ज्यांच्या इंडेंटमध्ये खटल्याचे ठिकाण मुंबई किंवा पुणे दिसेल त्यांनी काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात जरूर चौकशी करावी.

नौपाड्याची आजी (ठाणे)

मोजणीदार, तुम्ही म्हणालात तसे झाले. थोरला मुलगा १८४२ चा, म्हणून १८४१ ची नोंदवही पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी नोंद सापडली. वराचे वय ३१, तेच जहाज, आणि स्थितीच्या रकान्यात ‘टी. एल.’, म्हणजे तिकीट ऑफ लीव्ह. वधू २४ वर्षांची, तिच्यापुढे ‘स्वतंत्र आलेली’ असे लिहिले आहे. १८३३ मध्ये २३, १८४१ मध्ये ३१, १८७१ मध्ये ६१: माझ्या १ जूनच्या सिद्धान्ताला यात कुठेच जागा उरली नाही. जन्मठेपेच्या कैद्याला ८ वर्षांनी तिकीट, हा तुमचा हिशेबही बरोबर १८४१ लाच येतो. जावयाने अगदी शांतपणे “हो का” एवढेच म्हटले.

इंडेंट शेवटपर्यंत वाचला. मी आधी नाव, गुन्हा आणि गाव पाहून थांबत होते, ही माझी चूक. ४० वर्षांच्या जॉनपुढे ‘विवाहित, मुले ४’ असे स्वच्छ लिहिलेले आहे. तेवढे वाचले असते तरी मी थबकले असते. आपल्या जॉनचे वर्णन असे: उंची पाच फूट साडेचार इंच, वर्ण लालसर व तीळ असलेला, केस तपकिरी, डोळे करडे, वाचता येते पण लिहिता येत नाही, डाव्या भुवईवर व्रण, डाव्या हाताच्या करंगळीचे पहिले पेर नाही. हे वाचून मी थोडा वेळ स्वस्थ बसले. आमच्या कुलवृत्तांतात बारा पिढ्यांची नावे आहेत. पण त्यातल्या एकाच्याही करंगळीबद्दल मला काही ठाऊक नाही. व्याह्यांकडे म्हातारपणचे त्याचे एक छायाचित्र आहे, पण त्यात डावा हात नेमका कोटाच्या आत घातलेला आहे, तेव्हा तो पुरावा होत नाही.

मेंढीची गोष्ट कुठून आली याचे मला आश्चर्य वाटते. विहीणबाईंचे म्हणणे असे की पुढच्या पिढ्यांतल्या कोणीतरी माझ्यासारखीच यादी पाहिली असेल आणि पहिल्या जॉनपाशी थांबले असेल. मला वाटते की बंडखोरीपेक्षा मेंढी सांगायला सोपी असेल. भुकेल्या माणसाने मेंढी चोरली यावर कोणी फार प्रश्न विचारत नाही.

आता आई-बापांचा शोध कसा घ्यावा? दाखल्यात दोघांची नावे आहेत, जन्म १८१० च्या आसपासचा, आणि आयर्लंडमध्ये जन्मनोंदणी १८६४ पासूनची असे वाचले.

तलावपाळीचा (ठाणे पश्चिम)

आजी, आम्ही ठाण्यातले जुने कॅथलिक. घरच्या पिढ्या शोधताना चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या मी बऱ्याच चाळल्या आहेत, त्या अनुभवावरून लिहितो. आयर्लंडच्या कॅथलिक पॅरिशांच्या (म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या) वह्यांची छायाचित्रे तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून विनामूल्य खुली केली आहेत. त्यातल्या बऱ्याच वह्या लॅटिनमध्ये आहेत. जॉन हा जोआनेस, जेम्स हा जेकोबस, विल्यम हा गुलिएल्मस, मेरी ही मारिया अशी नावे दिसतील, दचकू नका. बहुतेक ठिकाणी एका ओळीत तारीख, मूल, बाप, आईचे माहेरचे नाव आणि शेवटी गॉडफादर-गॉडमदर यांची नावे असतात. शेवटची दोन नावे कोणी वाचत नाही. ती जरूर उतरवून घ्या. ती सहसा काका, मावशी, मामा यांचीच असतात, आणि दोन वेगवेगळ्या जॉनच्या ओळी समोर आल्या की घराणे त्यांच्यावरूनच ओळखू येते.

अडचण अशी की खेड्यांतल्या कित्येक पॅरिशांच्या वह्या १८२० नंतर सुरू होतात. १८१० ची ओळ सापडली नाही तर धाकट्या भावंडांच्या ओळी शोधा, आई-बापांची तीच जोडी पुन्हा दिसेल. गाव ठरवण्यासाठी १८२३ ते १८३७ या काळातल्या दशांश कराच्या याद्या पाहा. मास्तरांनी ज्या कराबद्दल लिहिले त्याच कराच्या त्या याद्या आहेत, आणि त्यात शेत कसणाऱ्याचे नाव गाववार मिळते. बाप शेतकरी होता हे दाखल्यात आहेच. एवढे लक्षात ठेवा की ही माहिती थोरल्या मुलाने बापाच्या मृत्यूनंतर दिलेली आहे. त्याने स्वतःच्या आजीला, म्हणजे जॉनच्या आईला, कधी पाहिलेले नव्हते, त्यामुळे तिच्या आडनावात गफलत असू शकते.

नौपाड्याची आजी (ठाणे)

कॉर्क कौंटीच्या उत्तरेकडील, लिमरिकला लागून असलेल्या पॅरिशांपासून सुरुवात केली आहे. तीन वह्या झाल्या. एका पॅरिशमध्ये १८१६ आणि १८१९ च्या दोन ओळींत बापाचे आणि आईचे नाव जुळते आहे, मुले मात्र मारिया आणि डॅनिएल. गॉडफादर-गॉडमदरची नावे उतरवून ठेवली आहेत. लिमरिकच्या वर्तमानपत्रासाठी मुलगी प्रयत्न करते आहे.

नातीचा प्रकल्प देऊन झाला. कारणाच्या रकान्यात तिने स्वतःच लिहिले, ‘रात्री पांढरा सदरा घालून बाहेर गेला म्हणून.’ बाईंनी म्हणे खाली प्रश्नचिन्ह केले आहे.

आता एक वेगळीच विचारणा. तीन महिने जमवलेली पहिल्या जॉनची फाइल माझ्याकडे पडून आहे. १८३९ मध्ये त्याला मुक्ततेचा दाखला मिळाला, त्यापुढे त्याचा माग नाही. बायको आणि चार मुले कॉर्कला राहिली होती. त्यांच्या वंशातले कोणी त्याला शोधत असेल तर हे कागद त्यांच्या उपयोगी पडतील. ते ठेवावेत कुठे?

मोजणीदार (कळवा)

जहाजवार कैद्यांची नोंद ठेवणारी संकेतस्थळे आहेत, तिथे त्याच्या नावाखाली सगळे चढवा आणि त्याच नावाचा दुसरा माणूस त्याच जहाजावर होता हे पहिल्या ओळीत लिहा, म्हणजे तुमचे तीन महिने पुढच्याचे वाचतील. चढवण्याआधी एक पाहून घ्या. चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यांना बायको-मुले सरकारी खर्चाने आणवून घेण्याचा अर्ज करता येत असे आणि त्या अर्जांच्याही नोंदी आहेत. त्यात या जॉनचे नाव आणि तेच जहाज निघाले, तर बायको-मुले कॉर्कलाच राहिली असे फाइलवर लिहू नका.